एका तारेवरची अक्षरे आणि ११.०५९२ चे कोडे

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात स्फटिक मागितलात, तर दुकानदार तुमच्या हातावर एक चकचकीत, दोन पायांची, नखाएवढी धातूची डबी ठेवील. तिच्या आत क्वार्ट्झ या खनिजाची पातळ चकती असते. विजेच्या साहाय्याने ती चकती ठरावीक वेगाने कंप पावते. दर सेकंदाला किती दशलक्ष कंपने, तो आकडा डबीच्या पाठीवर कोरलेला असतो. ४, ८, १२, १६, २० असे हे आकडे सरळ, सुटसुटीत असतात. पण त्यांच्याच शेजारी एक विचित्र आकडा आढळतो : ११.०५९२.

हा काय प्रकार? चांगला १२ चा स्फटिक मिळत असताना ११.०५९२ असे वेडेवाकडे माप कोणाला हवे असेल? मौज अशी, की ज्यांना यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावायचे असते, ते बहुधा हाच स्फटिक निवडतात. असे का, हे समजण्यासाठी दोन यंत्रे एका तारेवरून एकमेकांना अक्षरे कशी पाठवतात ते आधी पाहावे लागेल.

आठ तारा की एक?

मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक, हा एकाच चिपवर बसवलेला छोटासा संगणक होय. हिशेब करणारा गणक, स्मृती, वेळ मोजणारे गणित्र आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय, हे सारे त्या एका तुकड्यात असते. कपडे धुण्याच्या यंत्रापासून विजेच्या मीटरपर्यंत अनेक ठिकाणी तो लपलेला असतो. आपण उदाहरण घेऊ ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकाचे. इंटेल कंपनीने तो १९८० मध्ये बाजारात आणला. त्याला ४० पाय होते. त्याच्या घराण्यातल्या चिप आजही बनतात आणि आजही अनेक विद्यार्थी त्यावरच पहिले धडे गिरवतात.

संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. आस्की या १९६३ साली ठरलेल्या संकेतात इंग्रजी ‘एम’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ७७ आहे. द्विमान पद्धतीत ७७ म्हणजे ६४ + ८ + ४ + १, अर्थात ०१००११०१. यातील प्रत्येक शून्याला किंवा एकाला बिट म्हणतात. ‘एम’साठी आठ बिट लागले. चिपच्या पायावर पाच व्होल्ट विद्युत्दाब असला की तो १, आणि शून्य व्होल्ट असला की तो ०, असे आपण धरू.

आता हे आठ बिट दुसऱ्या यंत्राकडे कसे धाडायचे? सरळ उपाय म्हणजे आठ तारा जोडायच्या आणि आठही बिट एकदम पाठवायचे. याला समांतर पद्धत म्हणतात. पण ८०५१ च्या चाळीस पायांपैकी बाहेरच्या कामासाठी मिळतात जास्तीत जास्त ३२. त्यातले आठ एकट्या बोलण्यातच गेले, तर बटणे, दिवे आणि मोटारी कोठे जोडायच्या? शिवाय दोन यंत्रे एकमेकांपासून दूर असतील, तर आठ तारांचा खर्च वेगळाच.

म्हणून दुसरी पद्धत वापरतात. आठ बिट एकामागून एक, एकाच तारेवरून पाठवायचे. ही क्रमिक पद्धत. ८०५१ मध्ये यासाठी दोनच पाय राखलेले आहेत. क्रमांक ११ चा पाय म्हणजे त्याचे तोंड आणि १० चा पाय म्हणजे त्याचा कान! अर्थात एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडावे लागते. तोंडाला तोंड जोडले, तर दोघेही बोलत राहतील आणि ऐकणार कोणीच नाही. याशिवाय शून्य व्होल्टची एक सामाईक तार लागते, कारण शून्य कोणते याबाबत दोघांचे एकमत हवे.

रांग लावणारा कप्पा

आठ मुले खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि खोलीचे दार मात्र एकच जण मावेल एवढे अरुंद आहे. मग काय करायचे? गुरुजी टाळी वाजवतात. प्रत्येक टाळीला सर्वांनी एक पाऊल दाराकडे सरकायचे आणि दारापाशी असेल त्याने बाहेर पडायचे. आठ टाळ्यांत आठ जण बाहेर!

चिपमध्येही आठ घरांचा असाच एक कप्पा असतो. त्याला सरक-नोंदक म्हणू. गणक त्यात ०१००११०१ हे आठ बिट एकदम ठेवतो. मग घड्याळाच्या दर स्पंदाला सारे बिट एक घर उजवीकडे सरकतात आणि टोकाचा बिट तारेवर जातो. त्यामुळे सर्वांत उजवीकडचा बिट प्रथम निघतो. तारेवरचा क्रम होतो १, ०, १, १, ०, ०, १, ०. पलीकडच्या चिपमध्ये उलटी क्रिया होते. तेथे दर स्पंदाला एक बिट आत येतो आणि आठ घरे भरली की पूर्ण अक्षर गणकाच्या हाती पडते.

हे सारे काम गणकाला स्वतः करावे लागत नाही. तो अक्षर कप्प्यात टाकतो आणि आपल्या पुढच्या कामाला लागतो. अक्षर पूर्ण गेले, किंवा नवे अक्षर आत आले, की हा विभाग गणकाला एक खूण करतो. ही खूण म्हणजे पोस्टमनने वाजवलेली दारावरची घंटा समजा. घंटा वाजली की गणक हातचे काम थांबवून पत्र उचलतो आणि परत कामाला लागतो. मात्र पत्र उचलण्यात त्याने फारच आळस केला आणि तेवढ्यात पुढचे अक्षर येऊन ठेपले, तर दोघांपैकी एक कायमचे हरवते.

खरी अडचण वेळेची

येथपर्यंत सोपे वाटले ना? पण एक मोठी अडचण आपण झाकून ठेवली आहे. टाळी वाजवणारे गुरुजी पाठवणाऱ्याच्या खोलीत आहेत. घेणाऱ्याच्या खोलीत त्यांची टाळी ऐकूच येत नाही!

क्षणभर तुम्ही तारेच्या पलीकडच्या टोकाला बसला आहात असे समजा. ‘एम’च्या रांगेत तिसरा आणि चौथा असे दोन्ही बिट १ आहेत. त्या दोहोंच्या मध्ये तारेवर काहीच बदल होत नाही, पाच व्होल्ट तसेच राहतात. मग तेथे एकच १ होता, दोन होते, की तीन, हे तुम्ही कशावरून ओळखाल? वेळेवरूनच! म्हणून दोन्ही यंत्रे आधी वेग ठरवून घेतात. ९६०० हा एक नेहमीचा वेग आहे. सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे प्रत्येक बिटाच्या वाट्याला १०४.२ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग.

वेग ठरला तरी अडचण सुटत नाही, कारण जगातली कोणतीही दोन घड्याळे अगदी तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा, दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत हजारात एकाचा फरक आहे. फरक क्षुल्लक वाटतो. पण दर बिटामागे तो साचत जातो. पाचशे बिट गेले की घेणारा अर्ध्या बिटाने मागे किंवा पुढे पडतो आणि शेजारचा बिट वाचू लागतो. ९६०० च्या वेगाने पाचशे बिट जायला लागतो सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. म्हणजे चुटकी वाजवण्याआधीच सारा मजकूर बिघडणार! टाळीसाठी आणखी एक तार टाकता येते आणि काही पद्धतींत तसे करतातही. पण त्या तारेशिवाय काम भागवता येईल का?

दूरमुद्रकाची युक्ती

याचे उत्तर सूक्ष्मनियंत्रकाच्या जन्माआधी सुमारे सत्तर वर्षे सापडले होते. फ्रान्सच्या एमिल बोदो याने १८७४ मध्ये पाच खुणांच्या संकेताने छापील तार पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्याच नावावरून वेगाच्या एककाला ‘बॉड’ म्हणतात. परंतु त्याच्या पद्धतीत दोन्ही टोकांची फिरती यंत्रे सतत एका ठेक्यात ठेवावी लागत. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेतील शिकागो शहरात चार्ल्स क्रम आणि त्याचा मुलगा हॉवर्ड क्रम दूरमुद्रकावर, म्हणजे टेलिप्रिंटरवर, काम करीत होते. हॉवर्डने ठेका सतत राखण्याचा हट्टच सोडून दिला.

त्याची युक्ती अशी. घेणाऱ्या यंत्राचा दांडा एका खिटीने अडवून धरायचा. अक्षर पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याने ‘निघा’ अशी एक खूण पाठवायची. त्या खुणेने खिटी सुटते, दांडा एक फेरी मारतो, तेवढ्या फेरीत अक्षराच्या खुणा वाचतो आणि पुन्हा खिटीला अडकून थांबतो. पुढच्या अक्षराला पुन्हा नवी ‘निघा’ची खूण. दोन मोटारींच्या वेगात थोडा फरक असला तरी हरकत नाही. साचलेली चूक त्या एका अक्षरापुरतीच राहते. पुढचे अक्षर कोऱ्या पाटीवर सुरू होते.

या ‘निघा-थांबा’ पद्धतीवर जगभरचे दूरमुद्रक अनेक दशके चालले. ५० बॉड वेगाच्या दूरमुद्रकात प्रत्येक खूण २० मिलिसेकंदांची असे. ‘निघा’ची एक, अक्षराच्या पाच आणि ‘थांबा’ची दीड, अशा साडेसात खुणांना १५० मिलिसेकंद लागत. मिनिटाला ४०० अक्षरे झाली. आपल्या देशात दूरमुद्रक बनवण्यासाठी १९६० मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा कारखाना निघाला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या याच यंत्रांवर खडखडत येत. ती यंत्रे आता गेली. आपली तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हॉवर्ड क्रमची युक्ती मात्र चिपमध्ये जाऊन बसली.

तेथे ती टप्प्याटप्प्याने पोहोचली. १९६० च्या सुमारास अमेरिकन अभियंता गॉर्डन बेल याने पीडीपी-१ या संगणकाला दूरमुद्रक जोडण्यासाठी खिटी आणि दांड्याचे काम इलेक्ट्रॉनिक मंडलांकडून करवून घेतले. १९७१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल कंपनीने ते सारे मंडल एका चिपवर आणले. अशा चिपला यूआर्ट म्हणतात. १९८० मध्ये ८०५१ आला तेव्हा यूआर्ट चिपचा एक कोपराच बनून गेले होते. मोटोरोला कंपनीने आपल्या सूक्ष्मनियंत्रकांत याच विभागाला ‘सिरियल कम्युनिकेशन्स इंटरफेस’ असे नाव दिले. नावे निराळी, युक्ती तीच.

सोळा टिकटिकींचा हिशेब

आता चिप ही युक्ती कशी वापरते ते पाहू. कोणी बोलत नसताना तार पाच व्होल्टवर, म्हणजे १ वर असते. अक्षर सुरू होताना ती एका बिटापुरती शून्यावर येते. हा आरंभ-बिट. त्यामागून अक्षराचे आठ बिट येतात. शेवटी एक बिट पुन्हा १ चा असतो. तो विराम-बिट. असे एकूण दहा बिट झाले. विराम-बिट १ चा असतो म्हणूनच पुढच्या अक्षराच्या वेळी तार वरून खाली पडताना स्पष्ट दिसते. तार आधीच खाली असती, तर नवी सुरुवात ओळखता आली नसती.

घेणाऱ्या चिपजवळ एक जलद टिकटिक चालू असते. एका बिटाच्या वेळात ती सोळा वेळा होते. तार खाली पडली रे पडली, की चिप मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. खिटी सुटली म्हणा ना! मग ८०५१ प्रत्येक बिटाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या टिकटिकीला, म्हणजे बिटाच्या मध्याजवळ, तारेकडे पाहतो. तीनपैकी दोन वेळा जे दिसेल ते खरे मानतो. जवळच्या मोटारीमुळे किंवा विजेच्या ठिणगीमुळे तारेवर क्षणभर खोटा धक्का बसला, तरी बहुमताने तो फेटाळला जातो. आरंभ-बिटाच्या मध्यावर शून्य दिसले नाही, तर ती हूल होती असे समजून चिप पुन्हा वाट पाहू लागते.

बिटाच्या कडेला न पाहता मध्यावर पाहण्यात शहाणपण आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्ध्या बिटाची मोकळीक मिळते. विराम-बिटाचा मध्य आरंभापासून साडेनऊ बिटांवर येतो. तेवढ्या वेळात अर्ध्या बिटाहून कमी चूक साचली पाहिजे. ०.५ भागिले ९.५ केले की येतात सुमारे ५.३ टक्के. दोन घड्याळांत पाच टक्क्यांपर्यंत फरक असला तरी अक्षर सुखरूप पोहोचते! प्रत्यक्षात इतर लहान चुकांसाठी जागा ठेवायची म्हणून फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. स्फटिकाच्या घड्याळाची चूक तर साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते.

कोडे सुटले

मग १२ च्या स्फटिकाचे बिघडते कोठे? स्फटिक तर अचूक आहे. पण ९६०० ची चाल स्फटिकाच्या कंपनांना भागूनच मिळवावी लागते, आणि अडचण त्या भागाकारात आहे.

नेहमीच्या मांडणीत ८०५१ स्फटिकाच्या कंपनांना आधी १२ ने भागतो, मग ३२ ने भागतो, आणि शेवटी आपण दिलेल्या एका पूर्ण संख्येने भागतो. १२ दशलक्षांना १२ ने भागले की राहतात १०,००,०००. त्यांना ३२ ने भागले की ३१,२५०. आता यातून ९६०० कसे मिळवाल? ३ ने भागले तर येतात सुमारे १०,४१७, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. ४ ने भागले तर ७८१२.५, म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के कमी. मधली पूर्ण संख्या नाहीच!

साडेआठ टक्क्यांनी काय होते? ‘एम’ पाठवून पाहू. पाठवणाऱ्याचा बिट आता ९६ मायक्रोसेकंदांचा आहे. घेणारा मात्र १०४.२ च्या हिशेबाने पाहतो. अक्षराचा पाचवा बिट तो ५७३ व्या मायक्रोसेकंदाला वाचतो. पाठवणाऱ्याचा पाचवा बिट ५७६ ला संपणार असतो. थोडक्यात बचावले! सहाव्या बिटासाठी घेणारा ६७७ ला पाहतो, पण पाठवणाऱ्याने ६७२ लाच सातवा बिट सुरू केलेला असतो. त्यामुळे सहाव्याच्या जागी सातवा वाचला जातो, सातव्याच्या जागी आठवा आणि आठव्याच्या जागी विराम-बिट. १, ०, १, १, ०, ०, १, ० पाठवले आणि मिळाले १, ०, १, १, ०, १, ०, १. बेरीज केलीत तर ७७ चे १७३ झालेले दिसतील. ‘एम’ निघाला होता, पोहोचले भलतेच काही!

आता ११.०५९२ घ्या. १,१०,५९,२०० ला १२ ने भागले की ९,२१,६००. त्याला ३२ ने भागले की २८,८००. त्याला ३ ने भागले की बरोबर ९६००, बाकी शून्य! ६ ने भागले की ४८००, १२ ने २४००, २४ ने १२००. नेहमीचे सारे वेग नेमके मिळतात. ११.०५९२ हा आकडा मुळीच वेडावाकडा नाही. ९६०० ला ३, ३२ आणि १२ यांनी गुणून तो मुद्दाम घडवलेला आहे.

आणखी एक गंमत. मराठी अक्षरे आज युनिकोड संकेतात पाठवतात. त्याच्या नेहमीच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे आठ-आठ बिटांच्या तीन गटांचे होते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. पंधरा बाइट झाले, आरंभ-विराम धरून तारेवर दीडशे बिट. ९६०० च्या वेगाने हा शब्द सेकंदाच्या बरोबर चौसष्टाव्या भागात पोहोचतो. तेवढ्या वेळात घेणाऱ्याच्या मोजणीची सुरुवात पंधरा वेळा नव्याने होते.

करून पाहा

रात्री दोघा मित्रांनी एक बॅटरी आणि सेकंदकाटा असलेली दोन घड्याळे घ्यावीत. बॅटरी पेटलेली म्हणजे १, विझलेली म्हणजे ०. प्रत्येक बिट तीन सेकंदांचा ठेवावा. सुरुवातीला बॅटरी पेटलेली असू द्या. पाठवणाऱ्याने ती तीन सेकंद विझवून आरंभ-बिट द्यावा, मग ‘एम’चे आठ बिट द्यावेत आणि शेवटी ती पेटती ठेवावी. घेणाऱ्याने बॅटरी विझताच वेळ मोजायला लागावे. साडेचार सेकंदांनी पहिला बिट पाहावा, आणि मग दर तीन सेकंदांनी पुढचा. आठ बिट उजवीकडून डावीकडे मांडून संख्या काढावी. ७७ आली ना? मग पाठवणाऱ्याने घड्याळ बाजूला ठेवून मनातच सेकंद मोजावेत आणि किती घाई झाली की अक्षर बिघडते ते पाहावे.

आणि एक गणित तुमच्यासाठी. १२ चा स्फटिक अगदीच टाकाऊ नाही. ३१,२५० ला १३ ने भागले की २४०४ येतात. २४०० पेक्षा हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, तेव्हा त्या वेगाला तो खुशाल चालतो. मग ४८०० ला चालेल का? आधी वहीत भागाकार करा, आणि मगच स्फटिक विकत घ्या!